विद्यापीठीय नियामक मंडळे व महाविद्यालयीन क्रीडा

विद्यापीठीय नियामक मंडळे व महाविद्यालयीन क्रीडा : विद्यापीठाच्या कारभाराची अंतिम जबाबदारी ज्या निर्वाचित वा नामनिर्देशित मंडळांवर असते, त्या मंडळांनी संलग्न महाविद्यालयांतील खेळ, क्रीडास्पर्धा व शारीरिक शिक्षण यांवर ठेवावयाची देखरेख. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या बाबतीत अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्यापरिषद आणि क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ ही या देखरेखीची प्रमुख साधने होत. महाविद्यालयाच्या पातळीवर हेच काम शिक्षणसंस्थेचे व्यवस्थापन आणि महाविद्यालय विकास समिती यांनी करावयाचे असते. या दोन पातळ्यांमध्ये जे अंतर पडते ते शहरातील महाविद्यालयांत सहसा दिसत नाही, तालुक्याच्या ठिकाणी मात्र स्पष्ट दिसते. म्हणून पुढील विवेचनात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेतील शिरूर व दौंड (जि. पुणे) या दोन तालुक्यांचे उदाहरण प्रामुख्याने घेतले आहे.

पूर्वपीठिका : ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे खेळांचा कारभार प्रारंभापासून विद्यार्थ्यांच्या मंडळांकडे राहिला. या दोन विद्यापीठांमधील नौकाशर्यत १८२९ मध्ये सुरू झाली, तीही विद्यार्थ्यांच्याच पुढाकाराने. अमेरिकेतही आरंभी तसेच होते. परंतु प्रेक्षक, प्रवेशमूल्य आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या यांमुळे तेथील महाविद्यालयीन फुटबॉल हा लवकरच मोठ्या पैशाचा व्यवहार बनला आणि विश्वस्त मंडळांना त्यात लक्ष घालणे भाग पडले. १९०५ च्या हंगामात या खेळात अनेक तरुण मृत्युमुखी पडले, तेव्हा अध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट यांनी हार्व्हर्ड, येल व प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना पाचारण केले. त्यानंतर १९०६ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेला १९१० मध्ये राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना हे आजचे नाव मिळाले. कार्नेगी प्रतिष्ठानाने १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विस्तृत अहवालात खेळाडूंना दिली जाणारी छुपी आर्थिक मदत आणि व्यापारी वृत्ती यांवर कठोर टीका होती. नाइट आयोगाने १९९१ मध्ये पुन्हा तोच प्रश्न हाती घेऊन, खेळांचे नियंत्रण विद्यापीठप्रमुखांच्या हाती असावे आणि नियामक मंडळाने त्यांच्या पाठीशी उभे राहावे, असे सुचविले. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात एका माजी साहाय्यक प्रशिक्षकाने केलेल्या बाललैंगिक अत्याचारांचे प्रकरण २०११ मध्ये उघडकीस आले. त्याच्या चौकशीच्या २०१२ मधील अहवालाने तर विश्वस्त मंडळ देखरेखीच्या कर्तव्यात कमी पडल्याचा स्पष्ट ठपका ठेवला.

भारतातील प्रश्न याहून निराळा आहे. येथे महाविद्यालयीन सामन्यांना तिकिटे नाहीत, दूरचित्रवाणीचे करार नाहीत आणि प्रशिक्षकाचे वेतन कुलगुरूंच्या वेतनाहून अधिक असण्याचा तर संभवच नाही. अमेरिकेतील मंडळांना पैशाच्या पुराला बांध घालावा लागतो. येथील मंडळांना थोडा पैसा, थोडी पदे व थोडी मैदाने योग्य ठिकाणी पोहोचतात की नाही, हे पाहावे लागते. देखरेखीचा अर्थ म्हणूनच येथे बदलतो आणि परदेशी उपाययोजना जशाच्या तशा उचलून काही साधत नाही.

मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे १८५७ मध्ये स्थापन झाली, ती मुख्यतः परीक्षा घेणारी मंडळे म्हणून. खेळ हा महाविद्यालयांच्या जिमखान्यांचा विषय होता आणि विद्यापीठाला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ अधिनियमाने संलग्नीकरणाच्या अटींमध्ये विद्यार्थ्यांचे निवासस्थान, त्यांच्यावरील देखरेख व त्यांचे शारीरिक स्वास्थ्य यांचा समावेश केला. हे कलम आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. परंतु महाविद्यालयाला मान्यता देताना विद्यार्थ्यांच्या शरीराचाही विचार करण्याचा अधिकार विद्यापीठाला कायद्याने मिळाला तो येथे. पुढे राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) सर्व विद्यार्थ्यांना दोन वर्षे शारीरिक शिक्षण सक्तीचे असावे, असे सुचविले. ही शिफारस निरनिराळ्या विद्यापीठांनी निरनिराळ्या प्रमाणात स्वीकारली.

आंतरविद्यापीठीय सामन्यांची व्यवस्था १९२५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरविद्यापीठ मंडळाकडे आली. क्रिकेटमधील रोहिंटन बारिया करंडक स्पर्धा १९३५ पासूनची आहे. १९४० नंतर या मंडळाने इतर खेळांच्या स्पर्धाही नियमितपणे भरविण्यास प्रारंभ केला आणि १९७३ मध्ये मंडळाचे भारतीय विद्यापीठ संघ असे नामांतर झाले. सर्व खेळांत मिळून सर्वोत्तम कामगिरी करणाऱ्या विद्यापीठास देण्यात येणारा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक १९५६-५७ पासून सुरू झाला. कबड्डीला विद्यापीठीय खेळांत १९६१ मध्ये स्थान मिळाले. ग्रामीण महाराष्ट्राच्या दृष्टीने या एका निर्णयाचे महत्त्व फार मोठे ठरले. कारण त्यापूर्वी विद्यापीठीय क्रीडा म्हणजे क्रिकेट, हॉकी, टेनिस आणि मैदानी शर्यती असेच समीकरण होते. [⟶ कबड्डी, खो-खो].

पुणे विद्यापीठातील व्यवस्था : पुणे विद्यापीठ १९४८ च्या अधिनियमान्वये १० फेब्रुवारी १९४९ रोजी अस्तित्वात आले. मुकुंदराव जयकर हे त्याचे पहिले कुलगुरू. प्रारंभी त्याचे कार्यक्षेत्र बारा जिल्ह्यांचे होते. शिवाजी विद्यापीठाची (१९६२) व उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची (१९९०) स्थापना झाल्यावर ते आकसत जाऊन पुणे, अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) व नासिक हे तीन जिल्हे त्यात राहिले. २०१४ मध्ये विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. जिल्हे कमी झाले, तरी महाविद्यालयांची संख्या सतत वाढत गेली. त्यामुळे सर्व महाविद्यालयांचे थेट सामने घेणे अशक्य होऊन विभागवार रचना करावी लागली. पुणे शहर, पुणे जिल्हा, अहमदनगर व नासिक असे चार विभाग पाडून प्रत्येक विभागासाठी क्रीडा समिती नेमण्यात आली. महाविद्यालयाचा संघ प्रथम आपल्या विभागातील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळतो. तेथून विभागाचा संघ निवडला जातो. चार विभागांच्या आंतरविभागीय स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ तयार होतो आणि तो पश्चिम विभागीय वा अखिल भारतीय आंतरविद्यापीठीय स्पर्धेस जातो. यांखेरीज राज्यातील विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ हा क्रीडामहोत्सव कुलपतींच्या कार्यालयाच्या पुढाकाराने भरतो आणि २०२० पासून केंद्र शासनाच्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांची त्यात भर पडली आहे.

कायद्याच्या दृष्टीने या व्यवस्थेची तीन स्थित्यंतरे दिसतात. १९७४ च्या पुणे विद्यापीठ अधिनियमात कार्यकारी मंडळ हे प्रमुख कार्यकारी प्राधिकरण होते. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियमाने त्याची जागा व्यवस्थापन परिषदेला दिली. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने (अंमल १ मार्च २०१७ पासून) क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाची गणना विद्यापीठाच्या प्राधिकरणांतच केली. कुलगुरू या मंडळाचे अध्यक्ष व क्रीडा संचालक सदस्य-सचिव असतात. वरवर पाहता ही केवळ नामावलीतील भर वाटते. परंतु प्राधिकरण म्हटले की सभा, कार्यवृत्त व उत्तरदायित्व ओघानेच येते. क्रीडाविभाग ही कार्यालयाची एक शाखा असताना त्याच्या निर्णयांची चर्चा कोठे व्हावी, हेच निश्चित नव्हते. तथापि मंडळाने आखलेल्या कार्यक्रमास पैसा देणे हे व्यवस्थापन परिषदेच्या हाती राहिले आणि शारीरिक शिक्षणास अभ्यासक्रमात स्थान देणे विद्यापरिषदेच्या. अर्थसंकल्प व वार्षिक अहवाल ज्या सभेपुढे येतात ती अधिसभा. तीत प्राचार्य, संस्थाचालक, अध्यापक व नोंदणीकृत पदवीधर यांचे प्रतिनिधी असल्यामुळे तालुक्याच्या महाविद्यालयांचा आवाज पोहोचण्याची शक्यता याच सभेत सर्वाधिक असते. प्रत्यक्षात अधिसभेच्या थोड्या बैठकांत परीक्षा, निकाल व प्रवेश हे विषय वेळ व्यापून टाकतात आणि खेळांविषयीचा प्रश्न आला तर तो पदकांच्या संख्येविषयी येतो, मैदानांविषयी नव्हे.

राज्यघटनेतील एक बारकावाही ध्यानात घेण्यासारखा आहे. क्रीडा हा विषय राज्यसूचीत आहे. शिक्षण १९७६ पासून समवर्ती सूचीत आले. महाविद्यालयीन क्रीडा या दोहोंच्या सीमेवर उभी असल्याने ती राज्याच्या क्रीडा विभागाची की उच्च शिक्षण विभागाची, हा घोळ वरपासून खालपर्यंत चालत आला आहे.

शिरूर व दौंड : घोड नदीच्या काठी वसलेले शिरूर हे घोडनदी या नावानेही ओळखले जाते. एकोणिसाव्या शतकात येथे इंग्रजांची लष्करी छावणी होती. पुणे-अहिल्यानगर महामार्गावर पुण्यापासून सुमारे ७० किमी.वर असलेल्या या गावास रेल्वे नाही. येथील चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय व तालुक्यातील तळेगाव ढमढेरे येथील साहेबराव शंकरराव ढमढेरे महाविद्यालय ही परिसरातील विद्यार्थ्यांची मुख्य केंद्रे होत. दौंड हे भीमेकाठचे गाव पुणे-सोलापूर व दौंड-मनमाड लोहमार्गांचे प्रस्थानक असून राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ व ७ येथे आहेत. दौंड येथील के. जी. कटारिया महाविद्यालय आणि केडगाव येथील सुभाष बाबुराव कुल महाविद्यालय या तालुक्यात येतात. ही सर्व महाविद्यालये पुणे जिल्हा विभागात मोडतात आणि बारामती, इंदापूर, राजगुरुनगर, मंचर, जुन्नर येथील संघांशी खेळतात.

दोन्ही गावांची एक गंमत अशी, की नदी ओलांडली की पलीकडे अहिल्यानगर जिल्हा लागतो. श्रीगोंदे व पारनेर तालुक्यांतील अनेक मुले-मुली शिकण्यासाठी अलीकडे येतात. विद्यापीठाच्या स्पर्धांत खेळाडूचा विभाग त्याच्या गावावरून ठरत नाही, महाविद्यालयावरून ठरतो; त्यामुळे एकाच वाडीतील दोन भाऊ वेगवेगळ्या महाविद्यालयांत असतील, तर आंतरविभागीय सामन्यात ते परस्परांविरुद्ध उभे राहू शकतात. नियम सरळ आहे व त्यात अन्याय काही नाही. परंतु राज्य संघटनांच्या जिल्हानिहाय स्पर्धांत रहिवासाचा नियम वेगळा असल्याने खेळाडूची कागदपत्रे तपासताना गोंधळ होतो.

याहून महत्त्वाचा भेद वयाचा व इयत्तेचा आहे. या महाविद्यालयांत बहुधा कनिष्ठ महाविद्यालयही त्याच आवारात चालते. अकरावी-बारावीचा विद्यार्थी शालेय स्पर्धांत खेळतो व त्या स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत होतात. त्याच्यावर विद्यापीठाच्या कोणत्याही मंडळाचा अधिकार चालत नाही. तोच विद्यार्थी पदवीच्या प्रथम वर्षास आला की विद्यापीठाच्या नियमांखाली येतो. मैदान एक, कुदळ-फावडे एक, कित्येकदा शिकविणारी व्यक्तीही एक. मात्र वार्षिक आराखडे, अनुदाने, पात्रतेचे अर्ज व वेळापत्रके दोन. चौदा-पंधरा वर्षांच्या वयापासून तयार होत आलेला धावपटू सतराव्या-अठराव्या वर्षी एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे जातो, तेव्हा त्याच्या प्रशिक्षणाची नोंद त्याच्याबरोबर जात नाही. विद्यापीठीय मंडळांच्या अधिकाराबाहेरचा म्हणून हा प्रश्न सभांतून येत नाही आणि क्रीडा खात्याच्या दृष्टीने तो विद्यार्थी आता मोठा झालेला असतो.

मैदाने व खेळ : कोणत्या महाविद्यालयात कोणता खेळ रुजतो, हे पुष्कळ अंशी जागेवर अवलंबून असते. आठ पट्ट्यांच्या ४०० मी. धावमार्गास मधल्या मैदानासह सुमारे चार एकर सपाट जागा लागते. कबड्डीचे पुरुषांचे मैदान १३ × १० मी. व महिलांचे १२ × ८ मी.; खो-खोचे २७ × १६ मी. लहान आवारातही ही दोन्ही मैदाने बसतात, साहित्य जवळजवळ लागत नाही आणि गावोगावच्या मंडळांत खेळलेली मुले आयती मिळतात. कुस्तीचे तसेच. शिरूर-दौंड भागातील गावांच्या यात्रांतून आखाडे भरतात व तालमीत घडलेला मुलगा मातीतील कुस्ती उत्तम जाणतो. आंतरविद्यापीठीय कुस्ती मात्र गादीवर होते. मातीतला पैलवान गादीवर पहिले काही महिने चाचपडतो. तेथील पकड, वेग व गुणांची पद्धत निराळी. कबड्डीचेही आता तेच झाले आहे. अखेरच्या फेऱ्या मॅटवर होतात आणि मातीवर अनवाणी खेळलेल्या मुलीला त्यासाठीचे बूट प्रथमच घालावे लागतात. गादी वा मॅट ही एकदाच करावयाची खरेदी असली, तरी एका महाविद्यालयाच्या जिमखाना निधीस ती झेपत नाही. विभागाने एक संच घेऊन तो महाविद्यालयांत फिरता ठेवावा, अशा स्वरूपाचा निर्णय फक्त विद्यापीठीय मंडळच घेऊ शकते. प्राचार्यांच्या अधिकारातील ती गोष्ट नव्हे.

या भागातील मैदानांवर पहाटे धावणारी सर्वच मुले स्पर्धेसाठी धावत नसतात. पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना १,६०० मी. व महिलांना ८०० मी. धावणे, तसेच १०० मी. धावणे व गोळाफेक असते. राज्य राखीव पोलीस बलासाठी पुरुषांना ५ किमी. धावावे लागते. दौंडमध्ये बलाची दोन केंद्रे डोळ्यांसमोर असल्याने या तयारीचे आकर्षण स्वाभाविक होय. १,६०० मी. ही विद्यापीठीय स्पर्धांतील शर्यत नाही. तेथे १,५०० मी. असते. शंभर मीटरांचा हा फरक क्षुल्लक दिसतो, परंतु भरतीसाठी धावणारा आणि शर्यतीसाठी धावणारा यांचा सराव वेगळा असतो आणि महाविद्यालयातील उत्तम मध्यम-पल्ल्याचा धावपटू भरती होताच शिक्षण सोडून जातो. विद्यापीठाच्या अहवालात ती हानी म्हणून नोंदली जाते. कुटुंबाच्या दृष्टीने ती सर्वांत मोठी प्राप्ती असते. देखरेख करणाऱ्या मंडळाने क्रीडांगणाचा उपयोग केवळ पदकांवरून मोजला, तर या मैदानाचे खरे काम त्याला दिसणारच नाही.

शारीरिक शिक्षण संचालक : विद्यापीठीय मंडळाचा कोणताही ठराव महाविद्यालयात उतरतो तो एका व्यक्तीमार्फत, म्हणजे शारीरिक शिक्षण संचालकामार्फत. अनुदानित महाविद्यालयात सामान्यतः असे एकच पद मंजूर असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार या पदाची वेतनश्रेणी अध्यापकाशी समकक्ष असून उमेदवारास शारीरिक क्षमतेची चाचणीही द्यावी लागते. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने १२ मिनिटांत १,८०० मी. अंतर कापणे अपेक्षित असते. संघनिवड, सराव, पात्रतेचे अर्ज, प्रवास, साहित्याची खरेदी, प्रथमवर्षाच्या विद्यार्थ्यांच्या शारीरिक चाचण्या ही सर्व कामे त्याच्याकडे असतात आणि यजमानपद आले की मैदान आखण्यापासून भोजनापर्यंत सर्व काही. सेवानिवृत्तीनंतर हे पद भरण्यास शासनाची मान्यता मिळेपर्यंत वर्षे लोटतात. मधल्या काळात कार्यभार एखाद्या भाषेच्या वा वाणिज्याच्या अध्यापकाकडे सोपविला जातो. त्याची निष्ठा कितीही असली, तरी गोळाफेकीचे तंत्र त्याने शिकवावे अशी अपेक्षा करणे रास्त नव्हे. विनाअनुदानित महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरील वा कंत्राटी नेमणुकीने वेळ निभावली जाते. संलग्नीकरण चालू ठेवताना येणारी स्थानिक चौकशी समिती या पदाविषयी विचारते, उणीव नोंदविते आणि पुढील वर्षी तीच उणीव पुन्हा नोंदविते. नियामक मंडळांच्या देखरेखीतील सर्वांत दुबळा दुवा हाच म्हणावा लागेल. कारण पद मंजूर करणे शासनाकडे, निवड समिती नेमणे विद्यापीठाकडे व नेमणूक करणे संस्थेकडे, अशी जबाबदारी तीन ठिकाणी वाटली गेली आहे आणि पद रिक्त राहिल्याचा जाब कोणा एकाला विचारता येत नाही.

व्यक्तीच्या पुढाकारावर विसंबण्याची ही सवय जुनी आहे. हेलसिंकी येथील १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. ती प्राचार्यांच्या औदार्याची म्हणून सांगितली जाते व ते योग्यच होय. परंतु देशाच्या प्रतिनिधीसाठी कोणत्याही मंडळाच्या अंदाजपत्रकात तरतूद नव्हती, ही तिची दुसरी बाजू आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारातील क्रीडासंकुलास पुढे खाशाबांचेच नाव देण्यात आले.

निधी : महाविद्यालयीन क्रीडेचा पैसा मुख्यतः विद्यार्थ्यांच्याच खिशातून येतो. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थ्याकडून जिमखाना शुल्क घेतले जाते. विद्यापीठाचा क्रीडानिधी व अश्वमेधसारख्या महोत्सवाचे अंशदान त्याच पावतीवर असते. दरडोई रक्कम लहान असल्याने विद्यार्थी तिच्याकडे लक्ष देत नाहीत. मोठ्या शहरी महाविद्यालयात तिची बेरीज भरीव होते. काही शे विद्यार्थी असलेल्या ग्रामीण महाविद्यालयात ती एका संघाच्या वर्षभराच्या प्रवासालाही अपुरी पडते. म्हणजे ज्याला दूर जावे लागते त्याच्याकडेच पैसा कमी. शिरूरच्या संघास इंदापूर वा जुन्नरला जाण्यासाठी एस.टी.ने दोनदा गाडी बदलावी लागते किंवा जीप ठरवावी लागते; पुण्यातील संघ शहरातल्या शहरात सामना खेळून संध्याकाळी घरी परततो. प्रवास व दैनिक भत्त्याचा दर सर्वांना समान ठेवला, की समानता कागदावर राहते. पुणे जिल्हा हा शहरापासून वेगळा विभाग केल्याने ग्रामीण संघांस निदान पहिल्या फेरीत समान परिस्थितीतील प्रतिस्पर्धी मिळू लागले, हे या विभागरचनेचे खरे यश होय.

हा निधी खेळांवरच खर्च झाला की नाही, हे पाहण्याचे पहिले स्थान महाविद्यालय विकास समिती हे आहे. २०१६ च्या अधिनियमाने पूर्वीच्या स्थानिक व्यवस्थापन समितीच्या जागी ती आणली. वर्षातून किमान चार बैठका घेणे तिला बंधनकारक असून अभ्यासपूरक व अभ्यासेतर कार्यक्रमांच्या विकासाची जबाबदारीही तिच्यावर आहे. समितीत विद्यार्थी परिषदेच्या प्रतिनिधित्वाची तरतूद आहे आणि विद्यार्थी परिषदेत खेळाडूचे एक स्थान आहे. या दोन तरतुदी एकत्र वाचल्या, तर जिमखाना शुल्काचा हिशेब खेळाडूच्या देखत मांडला जावा, असा कायद्याचा आशय निघतो. लेखापरीक्षणात खर्चाची पावती तपासली जाते. वीस चेंडू घेतले याची नोंद सापडते, ते मैदानावर आले की कपाटात राहिले, याची नाही. ते विचारू शकणारी व्यक्ती समितीच्या बैठकीत असावी एवढाच या तरतुदींचा उपयोग, आणि तो थोडा नव्हे.

पात्रता व प्रमाणपत्रे : महाराष्ट्र शासनाने शासकीय सेवेत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण ठेवले आहे. त्यात आंतरविद्यापीठीय स्पर्धांतील विहित यशालाही स्थान आहे. परीक्षेत सवलतीचे गुण मिळण्याची सोयही विद्यापीठांनी केलेली असते. त्यामुळे खेळाच्या प्रमाणपत्रास उपजीविकेचे मोल आले आणि पात्रतेची तपासणी हे नियामक मंडळाचे सर्वांत नाजूक काम बनले. खेळाडू नियमित विद्यार्थी आहे काय, वयोमर्यादेत (सामान्यतः २५ वर्षे) बसतो काय, त्याने त्याच वर्षी दुसऱ्या विद्यापीठाकडून भाग घेतला नाही ना, या गोष्टी प्राचार्यांच्या स्वाक्षरीवर मानल्या जातात. स्वाक्षरी करणारे प्राचार्य व संघ जिंकावा अशी इच्छा बाळगणारे महाविद्यालय एकच असते. अन्य महाविद्यालयाच्या तक्रारीखेरीज चौकशी होत नाही आणि तक्रार सामना संपल्यावरच येते. बनावट वा अपात्र खेळाडूमुळे पराभूत संघाची जी हानी होते ती एका करंडकापुरती नसते; उपांत्य फेरीत हरलेल्या एखाद्या मुलाचे प्रमाणपत्र आणि त्याबरोबर नोकरीतील त्याचा दावा जातो. म्हणून पात्रता-अर्जांची छाननी विभागीय पातळीवर, स्पर्धा सुरू होण्यापूर्वी व अन्य महाविद्यालयांच्या प्रतिनिधींच्या समक्ष होणे अगत्याचे ठरते.

संघनिवडीचे तसेच आहे. आंतरविभागीय स्पर्धेनंतर विद्यापीठाचा संघ निवड समिती ठरविते. मैदानी शर्यतीत घड्याळ व फीत निर्णय देतात; कबड्डी, खो-खो वा व्हॉलीबॉलमध्ये तो निवडकर्त्याच्या नजरेवर असतो. ग्रामीण विभागातील खेळाडू एकाच दिवशी दिसतो, शहरातील खेळाडू वर्षभर निवडकर्त्यांच्या परिचयाचा असतो. पक्षपात नसतानाही पक्षपाताची शंका यातून निर्माण होते. निवडीचे निकष आधी जाहीर करणे व निवड झालेल्या, तसेच राखीव खेळाडूंची यादी क्रमाने प्रसिद्ध करणे, हे त्यावरचे साधे उपाय होत. मंडळापुढे दाद मागण्याची मुदतही अशी हवी, की संघ स्पर्धेस रवाना होण्यापूर्वी निर्णय लागेल.

विद्यार्थिनींचा सहभाग : खो-खो व कबड्डीमुळे ग्रामीण महाविद्यालयांतील मुलींचा खेळातील सहभाग लक्षणीय वाढला. परंतु मुक्कामाचा प्रवास आला की पालकांची संमती हा खरा निवड-सामना ठरतो. महिला संघाबरोबर महिला व्यवस्थापक असावी, ही अपेक्षा सर्वमान्य आहे. एकमेव शारीरिक शिक्षण संचालक पुरुष असलेल्या महाविद्यालयात ती दुसऱ्या विषयाच्या अध्यापिकेस सोबत पाठवून पूर्ण केली जाते व तिच्या तासिकांची भरपाई कशी करावयाची, हे कोठेही लिहिलेले नसते. सायंकाळी सराव लांबला तर शेवटची एस.टी. चुकते, म्हणून अनेक ठिकाणी मुलींचा सराव दुपारच्या उन्हात घेतला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत तक्रार समिती असणे बंधनकारक आहे. या समितीचे अधिकारक्षेत्र सराव शिबिर, संघाचा प्रवास व परगावचा मुक्काम यांनाही लागू आहे, ही गोष्ट खेळाडूंना शिबिराच्या पहिल्याच दिवशी सांगितली जावयास हवी. उपरोक्त पेनसिल्व्हेनियाच्या प्रकरणात मंडळाची चूक वाईट हेतूची नव्हती. कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितले नाही, एवढीच होती. विचारण्याची जागा कायद्याने निर्माण करणे व ती जागा खेळाडूस माहीत असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अलीकडील बदल : राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने (स्थापना १९९४) मूल्यांकनात क्रीडासुविधा व खेळाडूंचे यश यांना गुण दिल्यापासून संस्थाचालकांचे लक्ष या विषयाकडे वळले. व्यायामशाळा उभ्या राहिल्या. त्यांपैकी काहींच्या किल्ल्या मूल्यांकन समिती परत जाताच कार्यालयात जमा झाल्या, हेही खरे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदवी-अभ्यासक्रमात क्रीडा, योग, राष्ट्रीय छात्रसेना व राष्ट्रीय सेवा योजना यांना सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक देण्यात आले आहेत. खेळ आता गुणपत्रिकेत आला, म्हणजे तो विद्यापरिषदेच्या व परीक्षा मंडळाच्याही कक्षेत आला. श्रेयांक द्यावयाचा तर तासिका, हजेरी व मूल्यमापन हवे, आणि ते करण्यासाठी प्रशिक्षित व्यक्ती हवी. जेथे शारीरिक शिक्षण संचालकाचे पद रिक्त आहे, तेथे हे श्रेयांक कोणाच्या स्वाक्षरीने द्यावयाचे, हा प्रश्न शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांतील महाविद्यालयांपुढे प्रवेशाच्या प्रत्येक हंगामात उभा राहतो; त्याचे उत्तर क्रीडा मंडळ, व्यवस्थापन परिषद व शासनाचा उच्च शिक्षण विभाग यांनी मिळून द्यावयाचे आहे.